लायनोकट: कार्यशाळेत जायचं की घरीच हात काळे करायचे?

खानापूरहून बस धरून बेळगावच्या एका दिवसाच्या कार्यशाळेला जावं, की तेवढ्याच पैशांत पाती, रोलर आणि लायनो घेऊन घरीच बसावं? मावसभावानं परवा विचारलं. लायनोकट म्हणजे लायनोच्या तुकड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, चित्र कोरायचं, वर रोलरनं शाई फिरवायची आणि कागदावर ठसा उठवायचा. मी दोन्ही केलंय, आधी घरी आणि मग कार्यशाळेत.

कोरणं घरी जमतं. लायनो म्हणजे अळशीचं तेल आणि कॉर्कचा भुसा, मागं तागाचं कापड. लाकडासारखे रेषे नसल्यानं पातं सगळ्या दिशांना सारखंच चालतं. डिसेंबरच्या थंडीत तो कडक होतो, थोडा वेळ उन्हात ठेवला की वठणीवर येतो. व्ही पात्यानं रेघ, यू पात्यानं मोकळी जागा. ताग दिसला तर फार खोल गेलात. आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागं. हे मला अंगठ्यानं शिकवलं.

घरी घोडं अडतं ते शाईपाशी. माझे ठसे दोन महिने डागाळलेले येत होते, बारीक रेघा बुजत होत्या. आधी कागदाला दोष दिला, मग पावसाला. कार्यशाळेत सरांनी माझ्या ठशाकडं पाहिलंही नाही. म्हणाले, "रोलर फिरवा आणि ऐका." शाई जास्त असली की पचपच आवाज येतो, बेताची असली की तव्यावर तेल तापल्यासारखी बारीक चुरचुर. दिवसाची फी मला तिथंच वसूल झाली. व्हिडिओ बघून हा कान तयार होत नाही, निदान माझा झाला नाही.

अक्षरं मात्र दोन्हीकडं रडवतात. ठसा उलटा उमटतो, म्हणून ब्लॉकवर सगळं उलटं कोरायचं. आमच्या टेबलावर अर्धे मराठी, अर्धे कन्नड. स्वतःचं नाव उलटं लिहिताना सगळेच सारखे अडाणी! नवख्यानं आधी चित्रच घ्यावं. चित्रकार नंदलाल बोस यांचं 1930 चं काठी घेतलेल्या गांधीजींचं लायनोकट बघा: काळ्यावर मोजक्या पांढऱ्या रेघा. कोरलेलं पांढरं राहतं, एवढं त्यातून कळलं तरी पुष्कळ.

प्रेससाठी, म्हणजे ठसा दाबून काढायच्या यंत्रासाठी म्हणून कार्यशाळा निवडू नका. घरी प्रेस असणार नाही. वहीच्या पानाएवढा ब्लॉक चमच्याच्या पाठीनं घासूनही छान उठतो. घराचा फायदा वेळेचा. एका दिवसात ब्लॉक घाईनं उरकतो, आणि तेलाची शाई आपल्या पावसाळ्यात दिवसेंदिवस वाळत नाही. मी ओले ठसे मांडीवर धरून परतलो. शेजारच्या आजोबांच्या धोतरावर एक उमटला.

मावसभावाला सांगितलंय, दिवाळीनंतरची कार्यशाळा धर, पण पैसे भरण्याआधी विचार, एका रोलरमागं किती जण? चारपेक्षा जास्त म्हणाले तर तुला चुरचुर ऐकूच येणार नाही.