साडेसोळा हजारांचा सेकंडहॅन्ड गेमिंग पीसी: कुडाळला जाऊन बघितला, घेतला पण

भाच्याला बारावीच्या सुट्टीत गेमिंग पीसी पाहिजे होता, बजेट अर्थात मामाचं. कुडाळात एकाने साडेसोळा हजार सांगितले, आय५-४५७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, २५६ ची एसएसडी आणि १ टीबी हार्ड डिस्क, मॉनिटर नाही. फोटोत पुढे तीन आरजीबी फॅन लाल निळे चमकत होते ते बघूनच पोरगं वेडं झालेलं. मी म्हटलं लाईटी सोड, आत काय आहे ते बघू.

गेलो तर पीसी आधीच चालू करून ठेवलेला. हे मला आवडत नाही, बंद करायला लावला, वायर काढली, चहा होईस्तोवर थांबलो आणि मग स्वतः चालू केला. झाला बापडा. पण विंडोजमध्ये रॅम ४ च जीबी दिसते. साईडची पत्री उघडली तर मदरबोर्डाच्या मागच्या पट्टीवर पांढरी भुकटी, स्क्रू तांबारलेले. त्यांचं आधीचं घर वेंगुर्ल्याकडे समुद्राच्या अगदी तोंडावर होतं असं नंतर कळलं, खाऱ्या वाऱ्याने पत्र्यांची वाट लागते तिथे रॅमचं काय. दोन्ही स्टिका काढल्या, पोराच्या कंपासपेटीतलं खोडरबर मागितलं, सोनेरी दात घासले, परत बसवल्या, ८ जीबी आली. (चिपळूण-महाडकडचं मशीन असेल तर मी २०२१ च्या पुराचं पण सरळ विचारतो, स्लॉटांच्या फटीत वाळलेला गाळ असला की उठायचं.)

ग्राफिक्स कार्ड खरं निघालं याचं मलाच आश्चर्य. १०५० टीआयच्या नावाने जुनी ५५० टीआय बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून विकतात, कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड लावलं की पकडली जाते, खऱ्यात ७६८ कुडा कोअर (कार्डातले हिशेब करणारे भाग) दिसायला पाहिजेत आणि ५५० टीआयमध्ये १९२ च असतात. त्याच्याही आधी मागे बघा, निळं व्हीजीए पोर्ट असेल तर हात जोडून घरी या, १०५० टीआयच्या पिढीपासून एन्व्हिडियाने अॅनालॉग आउटपुटच काढून टाकलाय.

मग हार्ड डिस्क. मालक म्हणाले, "घरातलोच पीसी आसा, झील रोज तासभर खेळता." (झील म्हणजे मुलगा.) डिस्क किती तास चाललीय ते दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ३१ हजार तास. रोज तासभर धरला तर त्यांचा झील ८५ वर्षं खेळतोय. मी स्क्रीन दाखवली तेव्हा डिस्क एका ऑफिसच्या मशीनची काढून लावलीय हे निघालं.

खरी मजा फरमार्क, म्हणजे कार्डाला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर, लावल्यावर. सातव्या मिनिटाला पीसी ठप्प. "लाईटचो घोळ आसतलो," म्हणाले, आणि डोक्यावर पंखा मस्त फिरतोय. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग, कॅबिनेटबरोबर येतो तो लोकल, वर ४५० वॉट छापलेलं, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. १०५० टीआय कार्ड ७५ वॉटचं, त्याला वेगळी वायर पण नाही, तेवढं जर झेपत नसेल तर तो एसएमपीएस नाही, शोभेचा डबा आहे. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून दहा वेळा ये-जा करते, असला डबा जाताना बोर्ड पण घेऊन जातो.

म्हणून मी सरळ सांगितलं, डिस्क आणि एसएमपीएस तुम्हालाच ठेवा, बाकीचे साडेनऊ देतो. तासभर चाललं, त्यात दोन वेळा चहा आणि एकदा सोलकढी, शेवटी दहा हजारात झालं. नवीन चांगला एसएमपीएस तीन हजारांचा पडला तो वेगळा.

आता साडेसोळाला वर्थ होता का तर अजिबात नाही. तेरा हजारात ठीक, ते पण पोराला काय खेळायचंय त्यावर. जीटीए ५, सीएस, व्हॅलोरंट १०८० पी ला छान चालतात, हल्लीचे मोठे गेम विसरा, ४ कोअर ४ थ्रेडमध्ये प्रोसेसरच धापा टाकतो. दुसरी कटकट विंडोजची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ला इंटेलची आठवी जनरेशन तरी लागते आणि ही चौथी. जुगाड करून ११ टाकता येतं पण मग व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो आणि उघडतच नाही, म्हणून आम्ही १० वरच आहोत आणि त्या मशीनवर बँकेचं काहीही करायचं नाही असा घरात नियम. पुढे अपग्रेड पण नाही, यातली जुन्या प्रकारची डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसत नाही. हातात वीसेक हजार असते तर मी थांबून बी४५० बोर्डवाला एएमडीचा जुना रायझन शोधला असता, त्यात बायोस अपडेट करून पुढे रायझन ५६०० प्रोसेसर तरी टाकता येतो.

घरी आणून धूळ काढली, नवीन थर्मल पेस्ट लावली, कार्ड ७९ वरून ६८ डिग्रीवर आलं. फक्त कॅबिनेटला पाय लागला की झिणझिण करंट येतो, टेस्टर लावला तर पेटतो. ते पीसीचं नाही, आमच्याच घराचं अर्थिंग गेलंय. वायरमन उद्या येतो म्हणून गेल्या सोमवारपासून सांगतोय, तोवर पोरगं रबरी चपला घालून खेळतंय.