मिंडोन की थिबा? ब्रह्मदेशाच्या अखेरीवर प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

ब्रह्मदेशावर राज्य करणाऱ्या कोन्बाँग घराण्याची अखेर हा विषय ठरला की बहुतेक जण डोळे झाकून शेवटचा राजा थिबा (1878–85) निवडतात. त्याला कैदेत ठेवलं ती रत्नागिरी हाकेच्या अंतरावर, कथाही नाट्यमय. पण राज्य का बुडालं हा प्रश्न असेल तर त्याच्या आधीच्या राजाची, मिंडोनची, कारकीर्द (1853–78) घ्यावी.

मिंडोन गादीवर आला तेव्हा दक्षिणेचा पेगू प्रांत इंग्रजांनी गिळला होता. समुद्र गेला, भाताचं कोठारही गेलं. त्याने मंडाले वसवलं, अधिकाऱ्यांना पगार लावले, त्यासाठी थथमेदा हा घरटी कर बसवला, 1865 मध्ये मोराच्या छापाची नाणी यंत्रावर पाडली. सुधारणा खऱ्याच होत्या. मात्र दोन वर्षांत दोन घाव बसले. 1866 मध्ये दोन राजपुत्रांनी बंड करून युवराज कनाँगला मारलं. मिंडोनने पुन्हा वारस नेमलाच नाही. 1867 च्या करारात जकात 5 टक्क्यांवर आली आणि राजाच्या हाती माणकं, खनिज तेल, लाकूड एवढेच मक्ते उरले.

थिबाच्या काळातल्या दोन्ही गाजलेल्या घटनांचं मूळ इथे आहे. वारस ठरलेला नव्हता, म्हणून 1879 मध्ये राजकुळातल्या माणसांची कत्तल झाली. लाकडावर तिजोरी टेकलेली, म्हणून सागवान चोरल्याच्या आरोपावरून बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला (कंपनी मुंबईचीच) 1885 मध्ये सुमारे 23 लाखांचा दंड झाला. फ्रान्सशी वाढत्या सलगीमुळे इंग्रज बिथरलेले होतेच. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता आला, नोव्हेंबर संपायच्या आत राजा आगबोटीवर.

साधनांच्या बाबतीत जास्त फसगत होते. मिंडोनसाठी करारांचे मसुदे आणि 1872 च्या युरोप शिष्टमंडळावर गेलेल्या किनवुन मिंजी या मंत्र्याची रोजनिशी हाताशी आहे. थिबासाठी अडचण अशी, की 1879 मध्ये इंग्रज रेसिडेंटच (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) मंडालेहून निघून गेला. त्यानंतरच्या इंग्रजी बातम्यांत रंगूनच्या व्यापाऱ्यांच्या वावड्या भरपूर, आणि त्यांना राज्य खालसा व्हायला हवं होतं. मुंबईच्या पुराभिलेखागारातली कागदपत्रं कैदेतल्या राजाची आहेत, राज्य करणाऱ्याची नव्हेत. थिबा पॅलेसही 1910 चा. कैदेच्या त्या काळावर लिहायचं तर विषयाचं नावच 'निर्वासन' ठेवा. तो तर मराठी विद्यार्थ्याला सर्वांत सोयीचा.