अंग बाहेर येतंय: पिशवी काढायची की वर बांधायची?

अंग बाहेर येतंय, म्हणजे गर्भाशयाची पिशवी खाली सरकतेय, म्हटलं की घरातून उत्तर तयार असतं: "मुलं झाली ना, मग काढून टाक पिशवी." पण बिघाड बहुधा पिशवीत नसतो. तिला वर धरणारे बंध सैल पडलेले असतात आणि पिशवी काढली तरी ते सैलच राहतात. योनीचं वरचं टोक नीट बांधलं नाही, तर पुढे तोच भाग उलटून खाली येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना आधी विचारा, "वरचं टोक कशाला बांधणार?"

पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल किंवा पॅप तपासणीत (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींच्या तपासणीत) दोष निघाला असेल, तर पिशवी ठेवण्याचा हट्ट नको. योनीमार्गे काढता येते, पोटावर टाका येत नाही.

ठेवायचीच असेल तर मुख्यतः दोन वाटा. मँचेस्टर ऑपरेशन १८८८ पासूनचं: गर्भाशयाचं लांबलेलं तोंड कापून बाजूचे बंध आखडून शिवतात. दुसरं सॅक्रोस्पायनस, यात तोंड कटीतल्या मजबूत बंधाला टाक्यांनी अडकवतात. त्यानंतर काहींचं कुल्ल्यात दुखतं, बहुधा काही आठवड्यांत थांबतं. नेदरलँड्समध्ये ४३४ बायकांमध्ये या दोन्हींची तुलना झाली. २०२३ च्या निकालात दोन वर्षांनंतरचं यश मँचेस्टरचं ८७ टक्के, सॅक्रोस्पायनसचं ७७. जुनं ते मागासलेलं, हा समज इथे तरी खोटा ठरला. मात्र पिशवी योनीच्या तोंडाबाहेर आलेल्या बायका त्यात नव्हत्या, त्यांनी हा आकडा स्वतःला लावू नये.

अजून मूल हवं असेल तर मँचेस्टर टाळलेलं बरं. तोंड आखूड झाल्यावर गर्भ टिकायला त्रास होऊ शकतो. अशा तरुण बायकांसाठी मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी पट्टीने पिशवी वर टांगायच्या पद्धती काढल्या. पुरंदरेंच्या मूळ पद्धतीत पट्टी पोटाच्याच स्नायूंवरच्या आवरणातून घेतात.

या त्रासासाठी योनीतून बसवायच्या कृत्रिम जाळीची विक्री अमेरिकेने २०१९ मध्ये थांबवली. कुणी ती सुचवली तर कारण विचारा.

वय झालेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या आणि पुढे शरीरसंबंध नको असलेल्या बाईसाठी ले फोर्ट: योनीचा मार्ग बहुतांश शिवून बंद करतात. ऑपरेशन आटोपशीर, यश नव्वदीच्या पुढे. पण हा निर्णय तिने स्वतः घ्यावा, मुलाने नव्हे.

ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे हंडा-बादली उचलायची नसते. घरात तेवढी सोय होईपर्यंत योनीत बसवायची रिंग वापरून थांबता येतं.