रात्री एक ते सात

जून २०२१ मध्ये कोपरखैरणेच्या आमच्या घरात इथेरियमच्या मायनिंगचं, म्हणजे संगणकाला गणितं सोडवायला लावून डिजिटल नाणी कमवायचं, खूळ शिरलं. ओळखीतल्या एका पोराने रिग, म्हणजे त्यासाठीचं मशीन, बांधून दिली. आरएक्स ५८० ची चार जुनी ग्राफिक्स कार्डं, अ‍ॅल्युमिनियमची उघडी फ्रेम, मागे खिडकीत एक्झॉस्ट.

पोराचं काम मात्र फक्कड होतं, हे कबूल करतो. कार्डांचं व्होल्टेज उतरवून त्याने दर कार्डामागे ३० मेगाहॅश (गणितं सोडवायचा वेग) काढले आणि अख्खी रिग ५०० वॅटच्या आसपास आणून ठेवली. राइझरला (कार्ड जोडायच्या पट्टीला) साटाची, म्हणजे हार्ड डिस्कची, वायर लावू नका, हेही त्यानेच बजावलं. तो कनेक्टर ५४ वॅटचा, राइझर ७५ पर्यंत ओढतो, मग प्लास्टिक वितळतं. इतकं जीव तोडून सांगणाऱ्यावर संशय कोण घेईल?

जाताना म्हणाला, "काका, काही अडलं तर मी घरूनच बघेन." एनीडेस्कमध्ये, म्हणजे दुरून संगणक चालवायच्या प्रोग्रॅममध्ये, स्वतःचा पासवर्ड टाकून गेला. मी तेव्हा चहा गाळत होतो.

रिग दिवसाला १२ युनिट खायची. बिल पाहून बायको म्हणाली, "घरात आपण राहतो की हे यंत्र?" इकडे स्क्रीनवर १२० मेगाहॅश दिसायचे आणि पूलवर, म्हणजे अनेकांची मशिनं मिळून नाणी काढतात त्या साइटवर, चोवीस तासांची सरासरी ९०. विचारलं, तर उत्तर तयार: "पावसाळा आहे काका, नेट डुलक्या घेतं." पटलं की मला!

ऑगस्टमध्ये एका रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो. पंखे घोंगावत होते, कार्डांवर हात धरला तर गरम वाफ, स्क्रीनवर १२०. सहज मोबाईलवर पूल उघडला. माझी रिग एक वाजल्यापासून बंद!

मग स्क्रीनवरचा वॉलेटचा पत्ता, म्हणजे नाणी जमा होतात तो खाते क्रमांक, माझ्या वहीतल्या पत्त्याशी लावून पाहिला. सगळ्याच पत्त्यांच्या सुरुवातीला असणारा ०एक्स सोडला तर काही जुळेना. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये अपडेटच्या नावाखाली दोन नोंदी सापडल्या. एक रात्री एकची, पत्ता बदलणारी. दुसरी सकाळी सातची, माझा पत्ता परत लावणारी. वीज माझी, नाणी त्याची, रोज सहा तास.

पूलच्या साइटवर कुठलाही पत्ता टाकला की त्याचा हिशोब दिसतो. स्क्रीनवरचा त्याचा पत्ता टाकला. खाली सतरा मशिनं: ऐरोली-२, सानपाडा-१, ठाणे-४... आणि केके-३, म्हणजे आम्ही.

फोन केला तर म्हणतो, "काका, सर्व्हिस चार्ज समजा ना."

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंगच संपलं, माझी कार्डं मातीमोल गेली. पण दुसरी नाणी काढणारे अजून आहेत. कुणाकडून मशीन बांधून घेतलं असेल तर पूलचा आलेख रात्री दोनला बघा, दुपारी नको. वॉलेटचा पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. आणि तो पोरगा जिना उतरायच्या आत एनीडेस्क काढून टाका.