पखवाज घ्यावा की तबला?

दुकानात जाण्याआधी एवढंच ठरवा: साथ कुणाला करायची आहे? गावात भजनी मंडळ असेल, वारीत दिंडीबरोबर चालायचं असेल, तर पखवाजच. गळ्यात अडकवला की चालता चालता वाजवता येतो. ख्याल, नाट्यसंगीत, गझल, भावगीत म्हटलं की तबला. धृपद-धमार या जुन्या गायनप्रकारांना मात्र पखवाजच हवा. चौताल या तालाच्या 12 मात्रांत घुमणारी उघडी थाप तबल्यातून निघत नाही. कथकला साथ बहुधा तबल्याची, पण त्यातल्या परणी (जोरकस बोलांच्या रचना) मूळच्या पखवाजाच्या.

तबल्यात सगळा कारभार बोटांचा. चाटेवरचा (कडेच्या पट्टीवरचा) ‘ना’ स्वच्छ यायलाच महिने जातात. पखवाजावर पंजा मोकळा पडतो, ‘धा’ लवकर भरदार वाटतो, त्यामुळे लहान मूल रमतं. पुढे ‘धुमकिट’ दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, गेलं की मनगटं बोलू लागतात, ते वेगळं!

खरा फरक कणकेचा. तबल्याला आणि डाव्या हाताच्या डग्ग्याला शाई, म्हणजे कातड्यावरचा काळा लेप, कायमची. पखवाजाला ती फक्त उजव्या, लहान तोंडावर. डाव्या, मोठ्या तोंडाला म्हणजे धुमेला दर बैठकीला भिजवलेली कणीक लावायची. कमी पडली तर धूम पोकळ वाजते, जास्त झाली तर नाद दबतो. वाजवून झाल्यावर लगेच खरवडायची, नाहीतर पुडी (तोंडावरचं कातडं) खराब आणि उंदरांना आमंत्रण. आमच्या घरी परातीतला गोळा पळवण्यावरून अजून कुरबुर होते.

सुराच्या बाबतीत तबला सोयीचा. डग्गा तोच ठेवून काळी एक, काळी चार अशा पेटीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांचे तबले बाळगता येतात. पखवाजाची दोन्ही तोंडं एकाच खोडावर, एकाच चामडी वादीने ताणलेली. वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून सूर थोडाच हलतो. फार फरक हवा तर दुसरा पखवाजच लागतो. शिवाय त्याचा आवाज भिंतीपलीकडे जातो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या.

गुरू कुठे मिळतो, हेही पाहा. तबल्याचे क्लास शहरात गल्लोगल्ली. पखवाजासाठी शोध घ्यावा लागतो. आळंदीच्या वारकरी संस्थांत मात्र तो कीर्तन-भजनाबरोबरच शिकवतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दोन्हींना आहेत.

नुसता हौसेचा प्रश्न असेल आणि घराजवळ दोन्ही गुरू असतील, तर मी पखवाज घेईन. खरेदीला गुरूंना सोबत न्या. शाईचा कस आपल्याला नव्या वाद्यावर कळत नाही.