एलएक्सएमएल आणि डॉकटाइपची ओळ : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले आठ महिने मी मराठी पुस्तकांच्या ईपब २ या ई-पुस्तक स्वरूपातल्या जुन्या फाइली ईपब ३ मध्ये नेण्याचे काम करतो आहे आणि त्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील, एक्सएमएल फाइली वाचणारी-लिहिणारी एलएक्सएमएल ही लायब्ररी रोज वापरतो. तिच्या वेगाबद्दल आणि एक्सपाथ या शोधभाषेबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून ते सोडून देतो. मला लिहायचे आहे ते फाइलीच्या आरंभी येणाऱ्या डॉकटाइपच्या, म्हणजे फाइल कोणत्या नियमांनी लिहिली आहे ते सांगणाऱ्या, ओळीबद्दल, कारण या कामातला सर्वाधिक वेळ तिच्यापायी गेला.

सुरुवात एका शब्दापासून झाली. रूपांतर झालेल्या एका कादंबरीत मुद्रितशोधनाच्या वेळी ‘दुसऱ्या’च्या जागी ‘दुसर्या’ आणि ‘वाऱ्यावर’च्या जागी ‘वार्यावर’ असे पानोपानी आढळले. मूळ फाइल उघडली, तेव्हा अक्षरजुळणी करणाऱ्याने अर्धा ‘र’ उमटावा म्हणून हलन्त ‘र’ आणि ‘य’ यांच्यामध्ये झेडडब्ल्यूजे नावाची एंटिटी, म्हणजे चिन्हाऐवजी लिहायचे सांकेतिक नाव, घातलेली दिसली. एक्सएमएलला स्वतःच्या अशा पाचच एंटिटी ठाऊक असतात; झेडडब्ल्यूजे म्हणजे ८२०५ क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह, ही व्याख्या ईपबच्या पानांची भाषा असलेल्या एक्सएचटीएमएलच्या डीटीडी या नियमांच्या फाइलीत असते आणि त्या डीटीडीचा पत्ता डॉकटाइपच्या ओळीत असतो. आमच्याच स्क्रिप्टमधला एक टप्पा ही ओळ निरुपयोगी समजून आधीच छाटून टाकत होता. ओळीबरोबर व्याख्या गेली, फाइल वाचणारा पार्सर रिकव्हर या, चुका सोडून पुढे जाण्याच्या, पर्यायावर चालत असल्यामुळे माझ्याकडील आवृत्तीने अनोळखी एंटिटी मुकाट्याने गाळली, आणि अर्ध्या ‘र’चा रफार झाला. मराठी वाचकाच्या डोळ्यांना ही चूक खड्यासारखी लागते, पण तपासणीच्या कोणत्याही साधनाला ती दिसत नाही, कारण फाइल नियमांनुसार पूर्णपणे शुद्ध असते.

छाटणी बंद केली आणि एलएक्सएमएलचे खरे रूप तेव्हा कळले. पायथनसोबत येणारे एलिमेंट-ट्री हे साधन फाइलीतल्या घटकांचे झाड उभारताना डॉकटाइप सोडूनच देते. एलएक्सएमएलमध्ये मात्र झाडाच्या डॉकइन्फो या नोंदीत मूळ घटकाचे नाव, पब्लिक आयडी (डीटीडीचे जाहीर नाव) आणि सिस्टिम यूआरएल (तिचा पत्ता) वेगवेगळे मिळतात, आणि फाइलीतच लिहिलेल्या घोषणा इंटर्नल-डीटीडीमधून एकेक करून वाचता येतात. हजारो फाइलींची त्यांच्या पब्लिक आयडीनुसार विभागणी मी काही ओळींत करू शकलो, याचे श्रेय या मांडणीला आहे.

डीटीडी आपोआप वाचली जात नाही, आणि ते योग्यच आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २००८ मध्ये लिहिले होते की त्यांच्या सर्व्हरवर केवळ डीटीडीसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात; ते वाचल्यावर नेटवर्क मुळातच बंद ठेवण्याच्या धोरणाबद्दल माझी काही तक्रार उरली नाही. पण डॉकटाइप आहे आणि डीटीडी वाचलेली नाही, अशा स्थितीत एंटिटी झाडात स्वतंत्र नोड (घटक) म्हणून राहते. म्हणजे ‘दुसऱ्या दिवशी’ असा परिच्छेद असेल, तर त्याच्या टेक्स्टमध्ये फक्त ‘दुसर्’ मिळते आणि उरलेला ‘या दिवशी’ त्या नोडच्या टेलमध्ये, म्हणजे त्याच्या मागच्या मजकुरात, जाऊन बसतो. शब्दसूची तयार करताना हा ‘दुसर्’ मला शेकडो वेळा भेटला. उपाय असा, की एक्सएचटीएमएलच्या डीटीडी आणि त्यांच्या एंटिटींच्या फाइली स्वतःच्या संगणकावर ठेवाव्यात, त्यांची नोंद एक्सएमएल कॅटलॉग या, कोणती फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या, यादीत करावी आणि लोड-डीटीडी पर्याय चालू करावा. एवढे केल्यावर झेडडब्ल्यूजेच्या जागी खरे चिन्ह येते आणि शब्द सलग वाचता येतो.

वाचण्यात ही लायब्ररी जितकी काटेकोर आहे, तितकी लिहिण्यात नाही. झाडाचा पुन्हा मजकूर करणाऱ्या टूस्ट्रिंगला मूळ घटक दिला तर डॉकटाइप बाहेर येत नाही, संपूर्ण झाड दिले तरच येते. हे दस्तऐवजात नमूद असले, तरी पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण इथे अडखळतो. नवी ओळ देण्यासाठी टूस्ट्रिंगमध्ये डॉकटाइप नावाचा पर्याय आहे आणि ईपब ३ साठी मी तोच वापरतो. एचटीएमएल पार्सरचे वागणे मला अधिक खटकले. डॉकटाइप नसलेले साधे एचटीएमएल पान त्यातून काढले, की एचटीएमएल ४.० ट्रान्झिशनलची घोषणा त्यावर आपसूक चढते. मूळ लेखकाने जे लिहिलेच नाही ते त्याच्या नावावर जमा होते, आणि ते टाळायचे असेल तर डिफॉल्ट-डॉकटाइप हा पर्याय आठवणीने बंद करावा लागतो. माझ्या मते तो मुळातच बंद असायला हवा होता.

तुलनेसाठी ब्यूटिफुल सूप ही पायथनची दुसरी लायब्ररीही वापरून पाहिली. तिथे डॉकटाइप म्हणजे झाडातली एक विशेष प्रकारची स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर, आहे. जे आत गेले ते बरेचसे तसेच बाहेर येते, आणि वेब पाने खरवडणाऱ्याला तेवढे पुरते. पण पब्लिक आयडी हवा असेल, तर ती स्ट्रिंग स्वतःच फोडत बसावे लागते.

एक उणीव अजून टोचते. डॉकइन्फोचे डॉकटाइप हे मूल्य संपूर्ण घोषणेसारखे दिसते, पण चौकोनी कंसातल्या घोषणा त्यात नसतात. एका कोशाच्या फाइलींत संक्षेपांसाठी अशा चाळीसेक एंटिटी तिथेच लिहिलेल्या होत्या. मी हे मूल्य वाचून टूस्ट्रिंगला जसेच्या तसे परत दिले आणि त्या सगळ्या व्याख्या नव्या प्रतीतून नाहीशा झाल्या. मूळ फाइली जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावले. आता त्या फाइलींपुरता मी हा पर्याय देतच नाही. आधी इंटर्नल-डीटीडीमधून प्रत्येक एंटिटीचे नाव आणि आशय वेगळ्या यादीत उतरवतो, झाडातले संदर्भ त्या यादीप्रमाणे उलगडतो, आणि मगच डॉकइन्फो क्लिअर करून ईपब ३ ची छोटी ओळ लावतो.