‘खारी हवा’ सांगून विकलेला सेन्सरचा दिवा

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत मागीलदारी सेन्सरचा, म्हणजे माणूस समोर आलं की आपोआप लागणारा दिवा ही चैन नाही. रात्री न्हाणीघराकडे जाताना पायाखाली फुरसं येऊ शकतं, आणि वय झालेल्या सासूबाईंनी अंधारात बटण चाचपडत उभं राहावं हे मला मान्य नाही. त्या दिव्यात आमची जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहिते आहे, कारण तीच वाक्यं किनाऱ्यावरच्या आणखी घरांत ऐकवली जात असणार.

मे महिन्यात दिवा बिघडला. समोरून माणूस गेलं की आतून टक-टक आवाज यायचा, दिवा क्षणभर लागायचा आणि विझायचा. बाजारातल्या एका इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानातून माणूस बोलावला. तो भर दुपारी आला, शिडीवर चढला, सेन्सरसमोर हात हलवला. दिवा लागला नाही. “वैनी, सेन्सर गेलो. खाऱ्या वाऱ्यान आतला सर्किट खाल्ल्यान. आता पुरा फिटिंगच बदलूक व्हया.”

पहिली लबाडी इथेच होती, आणि ती ओळखायला वायरमन असावं लागत नाही. बहुतेक सेन्सरच्या पोटाशी दोन-तीन छोटे नॉब असतात. एक दिवा किती वेळ जळावा याचा, एक किती लांबचं पकडावं याचा, आणि एक उजेडाचा. त्यावर लक्स (उजेड मोजायचं एकक) लिहिलेलं असतं किंवा सूर्य-चंद्राची चित्रं असतात. हा नॉब चंद्राकडे असेल तर दिवसा दिवा लागतच नाही, तो तसाच बनवलेला असतो. दुपारी तपासायचा तर नॉब सूर्याकडे फिरवावा लागतो. त्याने हात लावला नाही. वीज बंद करून चालू केल्यावर सेन्सरला स्थिरावायला अर्धं-एक मिनिट लागतं, तेवढाही तो थांबला नाही. दुपारी हात हलवून कोणी “बघा, गेला” म्हणालं तर त्याला संध्याकाळी यायला सांगा.

उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट. हे सेन्सर अंगातली उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यांच्यातला फरक टिपतात. मे महिन्यात खळं आणि भिंती तापून अंगाच्या तापमानाजवळ पोचल्या की चांगला सेन्सरसुद्धा माणूस जवळ आल्यावरच जागा होतो. तो बिघाड नव्हे.

नवीन फिटिंग “खास समुद्राकाठासाठी” म्हणून दिलं. आयपी ६५ (धूळ आणि पाणी अडवण्याची प्रत सांगणारा आकडा), दोन वर्षांची वॉरंटी, मजुरीसकट २,८०० रुपये. पावती साध्या कागदावर, मॉडेलचं नाव नाही. जुनं फिटिंग तो घेऊन निघाला होता, पण सासूबाईंनी अडवलं, “आमचा आसा ता हयच ऱ्हवांदे.” ते घरात राहिलं म्हणूनच पुढचं उघडकीला आलं.

आषाढात पावसाची झड लागली आणि नव्या दिव्याच्या काचेआड पाणी दिसू लागलं. मग तो दिवसरात्र पेटलेलाच राहू लागला आणि शेवटी बंद पडला. दुकानात गेले तर उत्तर मिळालं, खाऱ्या हवेने गेलेला माल वॉरंटीत बसत नाही. ज्या खाऱ्या हवेचं नाव घेऊन दिवा विकला, तिचंच नाव घेऊन वॉरंटी नाकारली. पैशांपेक्षा मला याचा संताप आला.

चतुर्थीला भाचा आला. तो आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकतो. “मामी, आधी जुना बघूया.” मेन स्विच बंद करून त्याने सेन्सर बाजूला काढला, फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, सरळ दिव्याला जोडली आणि मेन चालू केला. दिवा लख्ख लागला. बिघाड फक्त सेन्सरमध्ये होता, आणि तोही खाऱ्या हवेने आलेला नव्हता. मिठाने तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. आमचा दिवा पडवीच्या छपराखाली, जोड स्वच्छ होते. टक-टक आवाज रिलेचा, म्हणजे सेन्सरमधल्या दिवा चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचचा होता. स्वस्त सेन्सरमध्ये विजेचा दाब उतरवायला एक कपॅसिटर असतो. विजेच्या चढउतारांनी तो हळूहळू कमजोर होतो, रिलेला पुरेसा दाब मिळत नाही आणि तो लागतो-सुटतो. सुटा सेन्सर काहीशे रुपयांत मिळतो. भाच्याने तो बसवला आणि जुना दिवा आज व्यवस्थित चालू आहे. कोणीही फिटिंग बदलायला सांगितलं तर ही थेट जोडून बघण्याची तपासणी त्याच्याकडून आपल्यासमोर करून घ्या. स्वतः वायरींना हात लावू नका.

मग त्याने नवीन फिटिंग उघडलं. झाकणाला रबराची गास्केट नाही, वायर आत जाते तिथे फट बंद करणारी केबल ग्लँड नाही, स्क्रू साध्या लोखंडाचे आणि गंजलेले. आयपी ६५ मधल्या ६ चा अर्थ धूळ आत जाता कामा नये, आणि ५ चा अर्थ कुठूनही आलेला पाण्याचा झोत सोसला पाहिजे. गास्केटशिवाय हे कसं जमेल? आकडा नुसता छापला होता. शिवाय खरा आयपी ६५ असला तरी तो मिठाबद्दल काहीच सांगत नाही. समुद्राकाठी घेताना स्क्रू स्टेनलेसचे आहेत का, बॉडी कशाची आहे, हे वेगळं विचारावं लागतं.

खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह होतं आणि खाली ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नंबर. ब्यूरोच्याच बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला तर दुसऱ्याच कंपनीचा मोबाईल चार्जर निघाला! हा नंबर दुकानात उभ्या उभ्या तपासता येतो, पैसे देण्याआधी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. दुकानदाराने आता फिटिंगचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली आहे, मजुरीचे नाही. नंबरबद्दल तो बोलायलाच तयार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. खोकं, उघडलेलं फिटिंग आणि ती कागदाची पावती मी जपून ठेवली आहे. याच हंगामात आपल्याकडे कोणी “समुद्राकाठासाठी” म्हणून असा दिवा बसवला असेल, तर खोक्यावरचा नंबर तपासा आणि मला कळवा. तक्रार एकत्र देऊ.